पिकअपच्या चाकाचे नट किती आवळायचे? पान्यावर उभं राहणाऱ्यांनी आधी हे वाचा

टोमॅटो, कांदा, दूध, बकऱ्या, लग्नाचा मंडप. आपल्या भागात काहीही वाहायचं म्हटलं की पिकअप आलीच. पिकअप चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला चाक बदलता येतं. पण चाक बसवल्यावर नट किती आवळायचे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "पान्यावर उभं राहायचं, कर्र आवाज आला की झालं."

ही पद्धत चुकीची आहे आणि धोक्याची आहे. नट ढिला राहिला तर चाक निघतं, हे सगळ्यांना माहीत आहे. नट जास्त आवळला तरीही शेवटी चाक निघू शकतं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. भरलेल्या गाडीचं निखळलेलं चाक रस्त्यावरून एकटं पळत सुटतं. पुढे दुचाकीवाला आहे की शाळेतून येणारी पोरं, हे ते बघत नाही.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. टोमॅटोच्या हंगामात चुलतभावाच्या पिकअपमध्ये ऐंशी कॅरेट भरून आम्ही टाकळी ढोकेश्वरकडून नारायणगावच्या मार्केटला निघालो होतो. बेल्ह्याच्या अलीकडे पहाटेच्या अंधारात मागचं डावं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. चार नट निघाले, पाचवा हलेना. पंधरा दिवसांपूर्वी याच चाकाचं पंक्चर काढलं होतं आणि त्या दुकानात हवेच्या गनने नट धडाधड मारले होते. पान्याला पाईप अडकवला, दोघं लटकलो, आणि नट बोल्टाच्या तुकड्यासकट हातात आला. मग स्टेपनी चारच नटांवर बसवून हळूहळू गेलो. पोचेपर्यंत लिलावाची वेळ टळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी चाक खोलून उरलेले बोल्ट दाखवले. दोन बोल्टांवर नट हाताने फिरवला की अर्ध्यावर येऊन अडकत होता. आटे ताणले गेले होते. मेस्त्री म्हणाले, "दादा, ह्यो बोल्ट आधीच मेला होता. तुम्ही फक्त मयताला गेलात."

चाक कशाच्या जोरावर टिकतं

आपल्याला वाटतं, चाक बोल्टांवर टांगलेलं असतं. खिळ्याला शर्ट अडकवावा तसं. तसं नसतं.

नट आवळला की बोल्ट केसभर ताणला जातो. ताणलेला बोल्ट रबरासारखा परत आखडायला बघतो आणि चाकाची लोखंडी डिस्क मागच्या हबवर दाबून धरतो. या दाबामुळे डिस्क आणि हब यांच्यात जी पकड तयार होते, तिच्यावर गाडीचा भार, ब्रेकचा झटका, खड्ड्याचा दणका हे सगळं पेललं जातं. 12 मिलिमीटर जाडीचा बोल्ट नीट आवळला तर ढोबळ हिशोबाने एकट्याचा दाब चार टनांच्या आसपास भरतो. पाच बोल्ट असतील तर वीस टन. एवढा दाब असेपर्यंत डिस्क जागची हलत नाही.

दाब कमी झाला की प्रत्येक फेऱ्याला डिस्क किंचित सरकते. मग भोकं घासून लांबट होतात आणि बोल्ट पुढे-मागे वाकायला लागतात. तार हाताने पुढे-मागे वाकवली की दहाव्या-विसाव्या वेळी तुटते, तसंच इथे होतं. एक बोल्ट गेला की त्याचा भार बाकीच्यांवर येतो, आणि मग पुढचे लवकर जातात.

आता जास्त आवळण्याचं. रबर मर्यादेबाहेर ताणलं की ते परत आखडत नाही. जुन्या चड्डीचं इलॅस्टिक आठवा. बोल्टाचंही तेच आहे. मर्यादेपलीकडे ताणला की तो लांबच राहतो आणि दाबून धरायची ताकद गमावतो. पान्याला मात्र नट घट्टच लागतो, कारण आटे अडकलेले असतात. म्हणजे हाताला घट्ट आणि चाकाला ढिला. जास्त आवळण्यातला खरा धोका हा आहे.

किती जोर लावायचा: काट्यावर मोजून बघा

नट आवळायच्या जोराला गॅरेजच्या भाषेत टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. 12 मिलिमीटर बोल्टाच्या बऱ्याच गाड्यांना तो 90 ते 120 च्या दरम्यान असतो. 14 मिलिमीटरच्या जाड बोल्टांना त्याहून जास्त लागतो. पण आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतो, आणि तोच खरा धरायचा. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून मॉडेल सांगा आणि आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा. शेजाऱ्याच्या वेगळ्या मॉडेलचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

हा जोर बरोबर मोजणारा टॉर्क पाना बाजारात मिळतो. घरात दोन-तीन गाड्या असतील तर तो घेऊन ठेवणं फायद्याचं आहे. नसेल तर शेतकऱ्याच्या घरात असणारी एक वस्तू कामाला येते: माल तोलायचा लटकता काटा.

हिशोब सोपा आहे. समजा पुस्तकात 110 न्यूटन-मीटर लिहिलंय. त्याला 9.8 ने भागलं की साधारण 11.2 येतात. आता नटाच्या मध्यापासून पान्यावर काटा अडकवाल त्या जागेपर्यंतचं अंतर मोजा. अंतर अर्धा मीटर, म्हणजे 50 सेंटिमीटर असेल, तर 11.2 ला 0.5 ने भागायचं. उत्तर 22 किलो. पाना आडवा धरायचा, काट्याचा हूक टोकाला अडकवायचा आणि पान्याशी काटकोनात, सरळ वर ओढायचं. अर्थात पाना अशा बाजूला ठेवायचा की वर ओढल्यावर नट आवळला जाईल. काट्यावर 22 दिसले की थांबायचं. पाना 40 सेंटिमीटरचा असेल तर 28 किलो, आणि गाडीबरोबर येणारा फूटभराचा आखूड पाना असेल तर 37 किलोच्या आसपास. तिरकं ओढलं तर आकडा चुकतो, हूक सटकला तर हात आपटतो. म्हणून सावकाश ओढा आणि तोंड काट्याच्या वर धरू नका.

टॉर्क पान्याइतकं हे काटेकोर नाही. पण एकदा घरी बसून चार-पाच वेळा असं करून बघितलं की तो जोर हाताला कळतो. आम्ही हे केलं तेव्हा पहिला धक्का हाच बसला, की लागतो त्यापेक्षा दुप्पट-तिप्पट जोर आपण आजवर लावत आलोय. सत्तर किलोचा माणूस 40 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी 270 च्या पुढे जातो. त्याने एक उडी मारली तर किती, ते विचारू नका. पान्याला तीन फुटी पाईप घातलात तर नट खोलण्यापुरता ठीक. त्याच पाईपने आवळायचं नाही.

चाक बसवताना

गाडी कडक आणि सपाट जागी घ्या, हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरमध्ये टाका आणि समोरच्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगडाची उटी लावा. पावसाळ्यात काळ्या रानाच्या कडेला जॅक चिखलात रुततो, त्यासाठी एक जाड फळी गाडीत असू द्या. गाडी उचलायच्या आधी, चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच सगळे नट अर्धा फेरा सैल करा. उचललेल्या गाडीचा जाम नट जोर लावून काढताना गाडी जॅकवरून घसरते आणि माणूस खाली सापडतो.

चाक निघालं की लगेच दुसरं चढवायची घाई करू नका. खरं काम इथेच आहे. डिस्क जिथे हबला टेकते त्या दोन्ही जागा बघा. वाळलेला चिखल, गंजाचे पापुद्रे, शेणमाती, जे असेल ते तारेच्या ब्रशने काढा. मध्ये मातीचा थर राहिला तर नट आत्ता घट्ट लागतील. वीस-तीस किलोमीटरनंतर माती भुगा होऊन गळून पडेल आणि नट तेवढे ढिले होतील. डिस्कला नवा जाड रंग मारला असेल तरी हेच होतं. नट बसतो त्या जागेवरचा आणि डिस्कच्या पाठीवरचा रंग घासून काढायचा. पोळ्याला बैल रंगवावेत तशी गाडी रंगवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

बोल्टाचे आटेही ब्रशने साफ करा. नटावर लावलेल्या जोरातला साधारण दहातला एकच वाटा बोल्ट ताणण्यात जातो, बाकी नऊ वाटे घासण्यातच संपतात. आटे गंजलेले असतील तर सगळा जोर गंजातच मुरतो. उलट आट्यांना ऑइल किंवा ग्रीस चोपडलं, तर तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. पुस्तकातला आकडा बहुतेक वेळा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी दिलेला असतो. "पुढच्या वेळी सहज निघावा" म्हणून बोल्टाला ग्रीस लावायची सवय चांगली नाही. पुस्तकात तेल लावायला सांगितलं असेल तरच लावा.

नट कुठल्या बाजूने बसतो तेही बघा. बऱ्याच पिकअपच्या नटांची एक बाजू निमुळती असते आणि डिस्कच्या भोकाला तशीच वाटीसारखी खोलगट जागा असते. निमुळती बाजू आत, डिस्ककडे. उलटा बसवला तर नट फक्त कडेवर टेकतो आणि लवकर ढिला होतो. एखादा नट हरवला म्हणून ट्रॉलीचा किंवा दुसऱ्या गाडीचा "बसतोय की" म्हणून लावलेला नट हीसुद्धा अशीच फसवणूक असते. आटे जुळले तरी बूड जुळत नाही.

आता नट लावायचे. प्रत्येक नट आधी हाताने, बोटांनी फिरवत चार-पाच आटे आत न्या. पहिल्याच आट्याला अडकला तर जोर करू नका, काढून परत सरळ लावा. तिरका चढलेला नट पान्याने आत ढकलला की आटे गेलेच समजा. जुन्या काही जीप आणि ट्रकना डाव्या बाजूला उलटे आटे असायचे, आजच्या पिकअपला ती भानगड नसते.

चाक हवेत असतानाच सगळे नट पान्याने बेताचे टेकवून घ्या. यात क्रम महत्त्वाचा. शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, असं गोल फिरायचं नाही. पाच नट असतील तर एक सोडून एक: पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा. चार किंवा सहा असतील तर समोरासमोरचे. पहिलाच नट पूर्ण आवळला तर डिस्क एका बाजूने दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूने केसभर उघडी राहते. बाकीचे नट मग घट्ट लागल्यासारखे वाटतात, पण दोन खड्डे खाऊन डिस्क सरळ झाली की तेच नट सैल होतात.

मग जॅक थोडा उतरवा, टायर जमिनीला जेमतेम टेकून चाक फिरायचं थांबेल एवढाच. त्याच क्रमाने निम्म्या जोराने एक फेरी, आणि पूर्ण जोराने दुसरी. शेवटी जॅक काढून अजून एकदा सगळ्या नटांवरून हात फिरवा. कोणी म्हणेल, एवढा वेळ कुठंय? स्वच्छ करण्यासकट दहा मिनिटं जास्त जातात.

पन्नास किलोमीटरनंतर परत बघायचं

चाक बसवलं आणि विसरलं, ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक. नवीन बसवलेलं चाक पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडं बसतं. रंग, गंज, धुळीचा थर दबतो आणि नटांचा ताण उतरतो. म्हणून 50 ते 100 किलोमीटर झाल्यावर त्याच जोराने नट परत तपासायचे. म्हणजे मार्केटला माल उतरवून परत यायच्या आधी, किंवा घरी आल्यावर. आधी सैल करून परत आवळायची गरज नाही, ठरलेला जोर लावून नट हलतो का तेवढं बघायचं. नुकताच घाट उतरून आला असाल आणि ड्रम तापलेला असेल, तर तो निवू द्या, मग पाना लावा.

एक नट थोडा फिरला तर ठीक. पण दुसऱ्या वेळीही परत फिरला, तिसऱ्या वेळीही फिरला, तर नुसता आवळत बसू नका. भोक लांबट झालंय, बोल्ट ताणलाय किंवा डिस्क वाकलीय. चाक खोलून दाखवा.

नट आवळून झाले की नटावरून डिस्कपर्यंत ऑइल पेंटची एक बारीक सरळ रेघ ओढून ठेवा. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. सकाळी गाडी काढताना चारी चाकांकडे नुसती नजर टाकली तरी पुरतं. खर्च काहीच नाही.

ही लक्षणं दिसली तर गाडी बाजूला घ्या

नटाखालून डिस्कवर उतरलेल्या लाल गंजाच्या रेघा. नटाभोवती रंग उडून चकचकीत झालेलं लोखंड. हळू चालवताना एका चाकातून येणारा "खट, खट" आवाज, जो वेग वाढला की ऐकू येईनासा होतो किंवा गाडीच्या आवाजात दबतो. स्टेअरिंगची नवी थरथर, किंवा मागचं चाक ढिलं असेल तर सीटखालून जाणवणारी डगमग. यातलं काही जाणवलं तर जोरात ब्रेक मारू नका, वळणावर ताण देऊ नका. ॲक्सिलरेटर सोडून वेग कमी होऊ द्या आणि डाव्या कडेला थांबा.

एक बोल्ट तुटला असेल तर? आम्ही चारवर गेलो, पण ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. माल दुसऱ्या गाडीत भरता आला तर भरा, रिकामी गाडी अगदी सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंतच न्या. दोन तुटले असतील तर गाडी हलवूच नका. तुटलेला एक बदलताना मेस्त्रींना त्याच चाकाचे बाकीचे बोल्टही नट हाताने फिरवून तपासायला सांगा. ढिल्या चाकावर गाडी बराच वेळ चालली असेल तर त्या चाकाचे सगळेच बोल्ट-नट बदललेले बरे. तो खर्च एका चुकलेल्या लिलावापेक्षा कमीच निघतो.

पंक्चरच्या दुकानात काय सांगायचं

हवेची गन वाईट नाही, तिने वेळ वाचतो. पण ट्रकचे मोठे नट खोलणारी गन पिकअपच्या नटांवर तशीच चालवली तर बोल्ट किती ताणला जातोय ते गनवाल्यालाही कळत नाही. दुकानात गेल्यावर एवढंच म्हणायचं, "भाऊ, गनने नुसते टेकवा, शेवटचं मी हाताने आवळतो." बहुतेक जण ऐकतात. एखादा हसेल, "शेठ, आपल्या हातचं चाक आजवर सुटलेलं नाय," म्हणेल. हसू द्या. आपला पाना काढा आणि आपल्या हाताने आवळा. गनने आधीच मारून झाले असतील तर सगळे नट सैल करून ठरलेल्या जोराने परत आवळा. वरून पाना लावून बघण्यात अर्थ नाही, जास्त आवळलेला नट पान्याला कळत नाही. दूध गोळा करायच्या गाड्यांवर ड्रायव्हर बदलत राहतात, तिथे मालकांनी हे ड्रायव्हरला एकदा समोर उभं करून दाखवलेलं बरं.

गाडीत सीटखाली ठेवायचं सामान फार नाही. जरा लांब दांड्याचा, नटावर घट्ट बसणारा पाना. तोंड फाकलेला पाना फेकून द्या, तो नटाचे कोपरे खातो. तारेचा ब्रश, जाड फळी, उटीसाठी दोन लाकडी ठोकळे, बॅटरी, चमकणारा त्रिकोण आणि आपल्या गाडीचे दोन जादा नट. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर 1033 ला फोन लागतो, कुणाला लागलं असेल तर 108. आणि त्रिकोण नाही म्हणून रस्त्यावर दगड आणि झाडाच्या फांद्या मांडल्या असतील, तर निघताना ते सगळे उचलून कडेला टाका. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ते दिसत नाहीत.